बोटीतली चांगली जागा

लंडनमधल्या एजंटच्या कचेरीत भिंतीवर एक चकचकीत छापील चित्र टांगलेले होते. त्यात दिसणाऱ्या बोटीवरच्या खोल्या ऐसपैस, दालने राजवाड्यासारखी. ते चित्र डोळ्यांपुढे ठेवून चार्ल्स डिकन्स जानेवारी १८४२ मध्ये लिव्हरपूलला पत्नीसह 'ब्रिटानिया' या आगबोटीवर चढला. आपल्या नावाची चिठ्ठी लावलेली खोली त्याने पाहिली आणि आधी त्याला वाटले, कोणीतरी थट्टा करते आहे. फळीवजा बिछान्यावर पातळशी गादी आणि दाराच्या मानाने अवाढव्य वाटणाऱ्या दोन पेट्या. 'ब्रिटानिया' ही क्युनार्ड कंपनीची पहिली अटलांटिक बोट होती. प्रवाशांना ताजे दूध मिळावे म्हणून तिच्यावर एक गायही पाळली होती. डिकन्सने पुढे 'अमेरिकन नोट्स'मध्ये या खोलीची यथेच्छ टिंगल केली. चित्रातली खोली आणि प्रत्यक्षातली खोली यांच्यातले अंतर इतक्या खुसखुशीतपणे मांडणारा बहुधा तोच पहिला लेखक.

आज पहिल्यांदाच क्रूझला निघालेल्या कुटुंबापुढे चित्र नसते, डेक-प्लॅन असतो. पंधरा-वीस मजले, शेकडो चौकोन, प्रत्येक चौकोनाला रंग आणि रंगागणिक भाडे. बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची, सर्वांत वर सुइट. पुढे घ्यावी की मागे, वर की खाली, लिफ्टजवळ की लांब? प्रश्न जुनेच आहेत, उत्तरे मात्र सारखी बदलत आली. बोटीतली सर्वांत चांगली जागा गेल्या अडीचशे वर्षांत मागच्या टोकाकडून मधोमध सरकली, मधून वर चढली आणि वरून बाहेर, समुद्राच्या अंगाला गेली. दर वेळी तिला हलवले ते कोणत्या ना कोणत्या यंत्राने.

शिडांच्या काळात चांगली जागा म्हणजे मागचे टोक. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे इंग्लंडहून केपला वळसा घालून हिंदुस्थानात यायला पाच-सहा महिने घेत. वारा बहुधा मागून येई आणि जहाजावरचे सारे वास पुढे वाहून नेई. पुढच्या टोकाला खलाशी, त्यांचे संडास आणि लाटांचे तुषार; मागच्या टोकाला कप्तान, सुकाणू आणि ओळीने लावलेल्या काचेच्या खिडक्या. तिथेच 'ग्रेट केबिन' असे आणि तिच्या वर 'राउंडहाउस'. सर्वांत महाग जागा या दोनच. त्यातही निवड होतीच. खालच्या दालनात जागा जास्त, पण वादळ आले की खिडक्यांवर लाकडी झडपा ठोकल्या जात आणि दिवसा अंधार होई. वरच्या दालनात हवा आणि उजेड चांगला, पण छतावरून खलाशांच्या पायांची धडधड चाले आणि कोंबड्यांच्या खुराड्यांमुळे पहाटेपासून झोपेचे खोबरे होई.

विकत मिळे ती जागा, खोली नव्हे. कप्तान आणि अधिकारी आपल्या वाट्याचे चौरस फूट प्रवाशांना भाड्याने देत, आणि त्यात घासाघीस चाले. दालनात कॅनव्हासचे पडदे लावून खोल्या पाडल्या जात, म्हणजे शत्रूचे जहाज दिसले की पडदे गुंडाळून तोफांना वाट मोकळी करता येई. खोलीत काहीही नसे. पलंग, खुर्ची, आरसा, हात धुण्याचे भांडे, मेणबत्त्या, सगळे प्रवाशाने बंदरातल्या दुकानांतून घ्यायचे, जमिनीला पक्के बांधायचे आणि मुक्कामी पोचल्यावर विकून टाकायचे. नवख्यांनी काय घ्यावे, काय टाळावे, हे सांगणारी पुस्तकेही निघाली. १८१० साली थॉमस विल्यमसनचे 'ईस्ट इंडिया व्हाडे-मेकम' आले आणि १८३९ मध्ये एमा रॉबर्ट्सचे 'द ईस्ट इंडिया व्हॉयेजर'. हिंदुस्थानात आधी राहून गेलेली ही लेखिका त्याच वर्षी फ्रान्स आणि इजिप्तमार्गे मुंबईला आली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८४० मध्ये पुण्यात तिचे निधन झाले. ती आली तो इजिप्तचा जवळचा रस्ता वाफेने खुला केला होता.

त्या वाटेवरची पहिली आगबोट मुंबईतच बांधली गेली. वाडिया घराण्यातल्या कसबी बांधकाम्यांनी मुंबई गोदीत तयार केलेली 'ह्यू लिंडसे' ही ४११ टनांची बोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. तिच्या कोठारात साधारण साडेपाच दिवसांचा कोळसा मावे आणि एडनपर्यंतच आठ दिवसांचा लागणार होता. मग जिथे म्हणून जागा दिसली तिथे कोळसा भरला. प्रवाशांच्या केबिनीही त्यातून सुटल्या नाहीत. मागचे टोक पाण्याला टेकेल इतकी बोट भरून गेली. सुएझ गाठायला ३३ दिवस लागले. त्यातले बरेचसे वाटेत पुन्हा कोळसा भरण्यात गेले. पुढची कित्येक वर्षे आगबोटीतली जागा कोळशाला किती आणि माणसाला किती, हा हिशेब कंपन्यांची डोकेदुखी होऊन बसला.

इंजिन आणि बॉयलर बसले बोटीच्या मध्यभागी. वजनाच्या दृष्टीने ते बरोबरच होते. पण त्यामुळे प्रतिष्ठित प्रवासी जुन्या सवयीने मागच्या टोकालाच राहिले. बाजूंना वल्ह्यांसारखी फिरणारी चाके होती तोवर हे निभावले. मग चाके जाऊन पाण्याखालचा मळसूत्री पंखा आला आणि तो बरोबर वरच्या वर्गाच्या बिछान्याखाली फिरू लागला. त्याची थरथर रात्रंदिवस. त्यात लाटांवर बोटीची दोन्ही टोके वर-खाली होतात, मधला भाग सर्वांत कमी हलतो. एसटीच्या मागच्या सीटवर बसून ज्याने घाट उतरला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. तरीही पहिला वर्ग मागेच असे, कारण तो पूर्वीपासून मागेच होता.

ही सवय मोडली ती व्हाइट स्टार कंपनीने, १८७१ मध्ये. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ कारखान्यात बांधलेल्या 'ओशनिक'वर पहिल्या वर्गाच्या खोल्या आणि जेवणाचे दालन मधोमध आणले गेले. दालन बोटीच्या पूर्ण रुंदीचे. खोल्यांना मोठ्या गोल खिडक्या, नळाचे पाणी, नोकराला बोलावायला विजेची घंटी. प्रतिस्पर्धी कंपन्यांना हा नमुना उचलावाच लागला. चांगली जागा मागून मध्यावर आली ती अशी. आधी जिथे वरचा वर्ग झोपे, त्या थरथरत्या टोकाला आता स्थलांतरितांचे तांडे गेले.

मुंबईच्या प्रवाशाच्या मनात मात्र वेगळेच प्रश्न असत. शेजारच्या बिछान्यावर कोण असेल? जेवायचे कुठे, आणि काय? ४ सप्टेंबर १८८८ रोजी अठरा वर्षांचे मोहनदास गांधी 'क्लाइड' बोटीने मुंबईहून विलायतेला निघाले. समुद्र ओलांडतो म्हणून जातीने मुंबईतच त्यांना वाळीत टाकले होते. मित्रांनी त्यांच्यासाठी बर्थ राखला तो जुनागढचे वकील त्र्यंबकराय मझुमदार यांच्या केबिनमध्ये, म्हणजे ओळखीचे वडीलधारे माणूस सोबत राहील. पहिल्या प्रवासाला खोली कशी निवडावी, याचे हे अस्सल देशी उत्तर होते. काट्या-चमच्याची सवय नाही, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा धीर नाही, म्हणून गांधींनी जेवणाच्या दालनात जाणेच टाळले. घरून आणलेली मिठाई आणि फळे यांवर केबिनमध्येच भागवले.

एप्रिल १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला निघाले तेव्हा पहिल्या वर्गाचा एकही बर्थ शिल्लक नव्हता. मोझांबिकचे गव्हर्नर-जनरल त्याच बोटीने जाणार होते, त्यांच्या लवाजम्याने जागा अडवल्या होत्या. डेकवर जायची गांधींची तयारी नव्हती. ते थेट बोटीच्या मुख्य अधिकाऱ्याला जाऊन भेटले आणि त्याने आपल्या स्वतःच्या केबिनमधला, एरवी प्रवाशांना न देण्यात येणारा जादा बर्थ त्यांना दिला. अडतीस वर्षांनंतर, ऑगस्ट १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेला निघालेले गांधी 'राजपुताना' बोटीवर दुसऱ्या वर्गाचे प्रवासी होते, पण त्यांचे बरेचसे दिवस-रात्र उघड्या डेकवर गेले. तोवर निवडीचा अर्थच त्यांनी बदलून टाकला होता.

मुंबई-लंडन वाटेवरचा खरा शत्रू होता तांबडा समुद्र. लोखंडी बोट दिवसभर तापायची आणि रात्रभर तो ताप आत सोडायची. इंग्लंडहून येताना बोट आग्नेयेकडे चाले, म्हणून दुपारचा सूर्य उजव्या अंगाला. जाणकार येताना डावीकडची केबिन मागत आणि परतताना उजवीकडची. पी अँड ओ कंपनी अशा तिकिटांवर खास शिक्का मारत असे, ही कथा फार लोकप्रिय आहे, पण तसे एकही तिकीट कोणाच्या हाती लागलेले नाही. बाजू कोणतीही मिळो, एडनच्या अलीकडे-पलीकडे बरेच प्रवासी गाद्या उचलून डेकवर झोपायला जात. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला.

गोल खिडकीला तिथे सोन्याचा भाव होता. तिच्यात वारा ओढून घेणारे पत्र्याचे पन्हळ अडकवले जाई. ज्यांच्या वाट्याला आतली, बिनखिडकीची केबिन येई त्यांचे हाल बघून बिबी लाइन या रंगूनला जाणाऱ्या कंपनीने एक युक्ती काढली. आतल्या खोलीला काटकोनात एक अरुंद बोळ जोडायचा आणि तो बाहेरच्या खोलीच्या कडेने नेऊन बोटीच्या भिंतीतल्या खिडकीपर्यंत पोचवायचा. एल आकाराची ही 'बिबी केबिन' पूर्वेकडच्या बोटींवर रूढ झाली. ग्लासगोच्या थर्मोटँक कंपनीने नळातून थंड वाऱ्याचा झोत सोडणारा, हवा तिकडे वळवता येणारा गोलक बनवला. त्याला नाव दिले 'पंखा लूव्हर'. विमानात आणि लक्झरी बसमध्ये डोक्यावर असते ते वाऱ्याचे भोक त्याच घराण्यातले.

मराठी वाचकाला बोटीची गोल खिडकी आठवते ती मात्र वेगळ्याच कारणाने. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसच्या बंदरात 'मोरिया' बोटीच्या संडासातल्या अशाच खिडकीतून विनायक दामोदर सावरकरांनी समुद्रात उडी घेतली. ती बोटही पी अँड ओचीच, हिंदुस्थानच्या वाटेवरची.

मधोमध आलेली चांगली जागा मग वर चढू लागली. वर हवा होती, उजेड होता, कोळशाची धूळ कमी होती. अडचण होती ती जिन्यांची. दालन खाली आणि खोली सहा मजले वर, तर झगा सावरत बाई चढणार किती? १९०५ मध्ये हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या 'अमेरिका' बोटीवर विजेची लिफ्ट बसली आणि वरच्या मजल्याला भाव आला. १९१२ च्या 'टायटॅनिक'वर पहिल्या वर्गासाठी तीन लिफ्ट होत्या. तिच्या बी डेकवर बैठकीच्या खोलीसह दोन सुइट असे होते, की त्यांना जोडून सुमारे पन्नास फूट लांबीचा खासगी, आच्छादित फेरफटक्याचा डेक होता. त्यांपैकी एकात शार्लट कार्डेझा या अमेरिकन बाई मुलासह होत्या. त्यांच्या तिकिटाची नोंद ५१२ पौंड ६ शिलिंग अशी सापडते. तिसऱ्या वर्गाचे तिकीट सात-आठ पौंडांचे.

'टायटॅनिक'चा नकाशा नीट पाहिला तर त्या काळचे सारे गणित कळते. पहिला वर्ग मधोमध आणि वर. दुसरा वर्ग त्याच्या मागे. तिसऱ्या वर्गातले एकटे पुरुष अगदी पुढच्या टोकाला, एकट्या बायका आणि कुटुंबे अगदी मागच्या टोकाला. म्हणजे जिथे हलते किंवा थरथरते, ते सारे स्वस्त. तिसऱ्या वर्गाच्या सातशेहून अधिक माणसांना आंघोळीचे टब होते दोन.

वर चढण्याची हौस अंगाशीही आली. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीचे प्रमुख आल्बर्ट बालिन यांनी १९१३ मध्ये 'इंपेराटोर' समुद्रात आणली. त्या वेळची ती जगातली सर्वांत मोठी बोट. वरच्या मजल्यांवर संगमरवरी न्हाणीघरे, जड लाकूडकाम, खासगी व्हरांडे असलेले सुइट. इतके ओझे वर गेल्यावर बोट कलू लागली आणि कलली की सावकाश, नको तितकी रेंगाळून सरळ होऊ लागली. काही महिन्यांतच तिला पुन्हा गोदीत घ्यावे लागले. संगमरवर उखडला, जड फर्निचर जाऊन वेताचे आले, धुरांडी जवळपास तीन मीटरने कापली आणि तळाशी दोन हजार टन सिमेंट ओतले.

याच बालिन यांच्याकडे सहलीच्या बोटींचे बरेचसे पितृत्व जाते. सहली त्यांच्या आधीही निघत. १८४४ मध्ये पी अँड ओने भूमध्य समुद्राच्या फेरीसाठी कादंबरीकार थॅकरेला फुकट नेले, आणि त्याने त्यावर पुस्तक लिहिले. १८६७ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेल्या 'क्वेकर सिटी'चे भाडे १२५० डॉलर होते. त्या बोटीवरूनच मार्क ट्वेनला त्याचे गाजलेले प्रवासवर्णन मिळाले. पण युरोपच्या कडक हिवाळ्यात अटलांटिकच्या बोटी रिकाम्या जातात, मग त्या उन्हाकडे का नेऊ नयेत, हा धंद्याचा विचार बालिन यांचा. २२ जानेवारी १८९१ रोजी 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राकडे गेली. दहा वर्षांनी त्यांनी खास सहलीसाठीच बांधलेली 'प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे' पाण्यात आली. १२० केबिनी, सगळ्या पहिल्या वर्गाच्या. डिसेंबर १९०६ मध्ये जमैकाच्या किनाऱ्यावर खडकांत अडकून तिचा शेवट झाला.

या सहलींनी खोलीची किंमत ठरवण्याची रीतच उलटी केली. न्यूयॉर्क किंवा मुंबई गाठायची होती तेव्हा समुद्र ही सोसायची गोष्ट होती. केबिन त्याच्यापासून जितकी सुरक्षित तितकी चांगली. सहलीला निघालेल्याने तिकीट काढलेलेच असते समुद्र पाहायला. १९३५ च्या 'नॉर्मंडी'वर 'दोव्हिल' आणि 'त्रुव्हिल' या दोन सुइटना स्वतंत्र गच्ची होती, स्वतंत्र जेवणाची खोली आणि पियानोही. पण अशा गच्च्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या बोटीच्या मागच्या भागात सुरुवातीला इतकी थरथर होती, की वर्षभरातच पंखे बदलावे लागले.

उंचावरची खोली हलते जास्त. बोट डाव्या-उजव्या अंगाला कलते तेव्हा तळाशी असलेला माणूस थोडाच सरकतो, माथ्यावरचा बराच. यावर तोडगा निघाला तो पाण्याखालच्या पंखांचा. बोट कलू लागली की दोन्ही अंगांना बाहेर आलेले हे पंख आपोआप कोन बदलतात आणि तिला सावरतात. लांब पल्ल्याच्या मोठ्या प्रवासी बोटीवर ते प्रथम बसले १९५० च्या 'चुसान'वर, आणि ही पी अँड ओची बोट मुंबईमार्गे अतिपूर्वेकडे जात असे. मग आले ॲल्युमिनियम. वरचे मजले हलके झाले, 'इंपेराटोर'ची भीती गेली. १९६१ च्या 'कॅनबेरा'वर इंजिन मागे नेले, जीवनरक्षक होड्या तीन मजले खाली उतरवल्या आणि आतल्या खोल्या एका चौकाभोवती अशा मांडल्या, की प्रत्येकीला तिरका का होईना समुद्र दिसावा. बिबी केबिनचीच ही पुढची पिढी. १९७२ मध्ये 'क्यूई२'च्या माथ्यावर तयार ॲल्युमिनियमचे सुइट आणून ठेवले गेले.

तोवर जेट विमानांनी प्रवाशांच्या बोटींचा धंदा मोडला होता. उरली ती सहल. १९८४ मध्ये हेलसिंकीत वार्टसिला कंपनीने बांधलेल्या 'रॉयल प्रिन्सेस'ने मांडणीच फिरवली. जेवणाची आणि करमणुकीची दालने खाली, खोल्या त्यांच्या वर, आणि सहाशेच्या सहाशे खोल्या बाहेरच्या अंगाला. वरच्या भाड्याच्या खोल्यांना बाल्कन्या. आतल्या खोल्याच नाहीत, ही तेव्हा मोठीच चैन होती. फिनलंडमधल्याच पीक्कियो गावी न्हाणीघरासकट संपूर्ण केबिनी कारखान्यात तयार होऊ लागल्या. कपाटात खण सरकवावा तशा त्या बोटीत बसवल्या जातात. शेकडो बाल्कन्या परवडू लागल्या त्या यामुळे. पूर्वी गच्ची दोघा-चौघा अतिश्रीमंतांची असे, आता बाल्कनी ही मधल्या वर्गाची मागणी झाली.

कोकणच्या माणसाने या साऱ्या काळात जागा निवडली ती डेकवर. भाऊच्या धक्क्यावरून 'रोहिणी', 'सरिता', 'कोकण सेवक' सुटत आणि रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जात. वरच्या वर्गाच्या केबिनी थोड्या आणि त्यांचे भाडे चाकरमान्याच्या आवाक्याबाहेरचे. बाकीचे धक्क्यावरून धावत सुटत, कारण सतरंजी आधी पसरेल त्याची जागा. इथेही शहाणपण होते. इंजिनाच्या भिंतीपासून लांब, कारण ती तापते. कडेला नको, पाणी येते. जिन्याजवळ नको, रात्रभर पाय तुडवतात. ज्याला बोट लागते त्याने मधोमध पडून राहावे. व्हाइट स्टारने १८७१ मध्ये जे केले ते डेकवरच्या आजीला कोणी शिकवावे लागले नाही. अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभ्या बोटीतून माणसे, ट्रंका आणि आंब्याच्या पेट्या पडावात उतरवाव्या लागत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही सेवा थांबली.

२०१८ मध्ये 'आंग्रिया' मुंबई-गोवा मार्गावर आली ती सहलीची बोट म्हणून. मूळची ती जपानी बेटांदरम्यान चालणारी. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून 'कॉर्डेलिया'ची 'एम्प्रेस' सुटू लागली आणि मराठी मध्यमवर्गातल्या हजारो कुटुंबांचा पहिला क्रूझ तिच्यावर झाला. ही बोट १९९० मध्ये फ्रान्सच्या सें-नझेर गोदीतून 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने बाहेर पडली होती. बाल्कन्यांचा पूर येण्याआधीची तिची घडण, म्हणून तिच्यातल्या बहुतेक खोल्या आतल्या किंवा खिडकीच्या. नव्या बोटींचे फोटो पाहून गेलेल्याला ती जुनाट वाटते. तिच्या पिढीचा नकाशा ठाऊक असलेल्याला ती तशीच असणार हे माहीत असते.

बाल्कनीची मागणी वाढली तशी बोटीच्या बाहेरची भिंत अपुरी पडू लागली. २००९ च्या 'ओएसिस ऑफ द सीज'ने बोट मधोमध चिरून आत उघड्या आभाळाखाली खऱ्या झाडांची बाग केली आणि तिच्याकडे तोंड करून बाल्कन्या काढल्या. आतल्या खोलीत बाहेरच्या कॅमेऱ्याचे दृश्य दाखवणाऱ्या पडद्यांच्या 'आभासी बाल्कन्या' आल्या. दुसरीकडे मागच्या टोकाचे नशीब पालटले. १९९८ मध्ये कार्निव्हल कंपनीच्या 'इलेशन'वर अझिपॉड बसले. म्हणजे विजेची मोटर बोटीच्या पोटात न ठेवता खाली पाण्यातल्या फिरत्या खोक्यात, पंख्यासकट. लांबलचक दांडा गेला आणि थरथर खूपच कमी झाली. आता मागच्या टोकाच्या, फेसाळ वाटेकडे पाहणाऱ्या बाल्कन्यांसाठी लोक जास्त पैसे मोजतात.

वर्गही परतले, वेगळ्या रूपाने. २००८ च्या 'एमएससी फँटासिया'वर 'यॉट क्लब' नावाचा बंदिस्त भाग निघाला: सुइटवाल्यांसाठी वेगळा पोहण्याचा तलाव, वेगळे जेवण, वेगळी लिफ्ट. इतर कंपन्यांनीही तसेच केले. जानेवारी २०२४ मध्ये निघालेल्या २,४८,६६३ टनी 'आयकॉन ऑफ द सीज'वर एका कुटुंबासाठी तीन मजली घर आहे, आणि वरून खाली यायला आत घसरगुंडी. सर्वांत महागड्या जागा आज पुन्हा उंचावर आणि बऱ्याचदा टोकांना आहेत, म्हणजे समुद्र खवळला तर सर्वांत जास्त हलणाऱ्या. बोट लागणाऱ्याला खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली, स्वस्तातली खोलीच सोसते. पैशाचा हिशेब आणि लाटांचा हिशेब इथे जुळत नाही.

बोटीवर आणखी एक वस्ती असते आणि तिचा नकाशा माहितीपत्रकात छापत नाहीत. पी अँड ओच्या बोटींवर डेकवरचे खलाशी बहुतांशी रत्नागिरीच्या आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे, तर जेवणघरातले आणि केबिनींतले स्टुअर्ड गोव्याचे. फेरी संपली की गोवेकर मुंबईतल्या आपापल्या गावाच्या 'कूड'मध्ये उतरत आणि पुढच्या बोटीची वाट पाहत. १९०६ च्या ब्रिटिश कायद्याने गोऱ्या खलाशाला झोपण्यासाठी १२० घनफूट जागा ठरवून दिली. देशी खलाशाला, म्हणजे इंग्रजांच्या 'लास्कर'ला, ३६ घनफूट पुरेशी मानली जाई. म्हणजे सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच.

कोकण-गोव्याची मुले आजही क्रूझवर जातात, हाउसकीपिंगमध्ये, स्वयंपाकघरात, इंजिनवर. त्यांच्या केबिनी बहुधा पाण्याच्या पातळीच्या आसपास किंवा तिच्याखाली असतात आणि त्या मिळतात हुद्द्याप्रमाणे. २०१३ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार नव्या प्रवासी जहाजांवर दोन कर्मचाऱ्यांच्या खोलीला किमान साडेसात चौरस मीटर जागा द्यावी लागते. वरच्या मजल्यावरच्या सुइटची चादर बदलून खाली आलेल्या माणसाला निवडायला उरतो तो वरचा बर्थ किंवा खालचा, आणि तोही आधीपासून राहणाऱ्या सोबत्याने कोणता धरला आहे ते पाहून.